मंडप कोणाचा?

घोडपदेवच्या चाळींपासून फारशी दूर नसलेली कर्णबधिर मुलांची एक जुनी शाळा माझगावात आहे. 'बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स' हे तिचे नाव. मुंबईचे तत्कालीन व्हिकर अपोस्टोलिक, येशूसंघीय बिशप लिओ मेरिन यांच्या पुढाकाराने १८८५ साली ती सुरू झाली. कर्णबधिरांची भारतातील पहिली शाळा म्हणून ती ओळखली जाते. ख्रिस्तसभेच्या सेवाकार्यातील हे अभिमानाचे पान आहे. परंतु अभिमान बाळगताना एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ज्यांना आपण शिकविले, त्यांच्याकडून आपण कधी काही घेतले का?

हा प्रश्न मनात आला तो गोव्यातील 'पर्पल फेस्ट'मुळे. ६ ते ८ जानेवारी २०२३ या तीन दिवसांत पणजी येथे तो प्रथम भरला. राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय त्याच्या आयोजकांपैकी एक होते. जानेवारी २०२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय स्वरूपात झाला. लंडनमध्ये तर २००३ पासूनच ट्रॅफल्गार चौकात, उघड्या आकाशाखाली, 'लिबर्टी' नावाचा कर्णबधिर व दिव्यांग कलावंतांचा महोत्सव भरू लागला होता. अशा ठिकाणी दिव्यांग माणूस मदतीची वाट पाहत कोपऱ्यात बसलेला नसतो. तो यजमान असतो आणि आपण पाहुणे.

येथेच आपली खरी परीक्षा होते. देणाऱ्याच्या भूमिकेत आपण सुखी असतो, घेणाऱ्याच्या भूमिकेत संकोचतो. दिव्यांग कलावंताला आपण टाळ्या देतो, पण त्या कलेला असतात की आपल्याच दयाळूपणाला? सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती बालपणीच गेली होती. पुढे ते नामवंत चित्रकार झाले आणि दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाची वास्तूही त्यांनीच साकारली. त्या वास्तूपुढे उभे राहून कोणी कणव व्यक्त करीत नाही. वाईट कलेला दयेपोटी चांगले म्हणणे हाही एक प्रकारचा अनादरच होय.

सद्हेतू पुरेसा नसतो, हे इतिहासानेही दाखविले आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. मुलांचे भले व्हावे हाच त्यामागील हेतू होता. परंतु ज्यांच्याविषयी निर्णय झाला, त्यांना त्यात जवळजवळ स्थान नव्हते. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

प्रभू येशूची रीत निराळी होती. संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. शब्द नंतर येतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू आधी हातांनीच बोलला. आपल्या भाषेत त्याला ओढण्यापूर्वी तो स्वतः त्याच्या भाषेत गेला.

आता आपल्या धर्मग्रामाच्या सणाकडे पाहू. पटांगणात मंडप उभारला जातो, रंगमंचाला पायऱ्या असतात, चाकाच्या खुर्चीतील भावाला पुढच्या रांगेत सन्मानाने बसविले जाते. रंगमंचावर मात्र तो चढू शकत नाही. उतार करावा, दुभाषी बोलवावा, असे कोणी सुचविले की खर्चाचा प्रश्न निघतो. चार-दोन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न अगदीच गैर नाही, कारण धर्मग्रामाचा पैसा घामाचा असतो. पण त्या उतारावरून उद्या आपलेच वृद्ध आईवडील चढणार आहेत. शिवाय कफर्णहूम येथे एका पक्षाघाती माणसासाठी चौघांनी चक्क छप्पर उघडले, तेव्हा प्रभूने छपराचा हिशेब विचारला नाही. त्यांची श्रद्धा पाहिली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्कच मानतो. कायदा दार उघडू शकतो. आपलेपणा मात्र आपणच द्यावयाचा असतो. म्हणून पुढील सणाच्या पहिल्याच बैठकीला धर्मग्रामातील दिव्यांग बंधुभगिनींना बोलवावे आणि मंडप कसा असावा, हे त्यांना विचारावे. एखाद्या कर्णबधिर तरुणाने खुणांच्या भाषेत येशूच्या दुःखसहनाचे नाट्य बसवावे आणि आपण सर्वांनी खाली बसून ते शांतपणे पाहावे. तेथे न समजणारे आपण असू. तो अनुभव आपल्याला हवा आहे.