कूस आणि भूमी

दिगंबर जैन मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत क्षितिशयन हा एक गुण सांगितला आहे. जीवजंतूविरहित भूमीवर, शिळेवर, लाकडी फळीवर किंवा वाळल्या गवतावर, एकाच कुशीवर, अल्पकाळ निजावे, आणि कूस पालटणे अपरिहार्यच झाले तर मोरपिसांच्या पिच्छीने अंग व जागा आधी हळुवार झाडून घ्यावी, एवढी दक्षता त्या व्रतात अभिप्रेत आहे. आमच्या शिरोळ तालुक्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी, त्यामुळे हे व्रत आम्हांस ग्रंथांतून कळले नाही; चातुर्मासात मुक्कामास आलेल्या मुनींची फळी आम्ही लहानपणापासून पाहत आलो, आणि 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखनेने देह ठेवणाऱ्या, सीमेपलीकडच्या भोज गावच्या आचार्य शांतिसागरांविषयी वडीलधारी मंडळी बोलू लागली, की गादीवर बसलेला मनुष्य नकळत खाली सरकून बसे.

अशा गावात वाढलेल्या माणसाने आईसाठी हवा भरण्याची गादी घ्यायचे मनात आणले, तर देहाची ही तजवीज म्हणजे परिग्रहच नव्हे काय, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

गादीच्या या विचाराचे मूळ महापुरात आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेने तालुका वेढला, नरसोबावाडीचे दत्तमंदिर पाण्याखाली गेले, गाव सोडण्याचा हुकूम निघाला, आणि जमिनीचे दस्त व चार भांडी घेऊन आम्ही एका शाळेत मुक्कामास गेलो. फरशीवर ताडपत्री, ताडपत्रीवर घरची वाकळ, वाकळेवर आई. उताणे निजले की तिला धाप लागते, म्हणून ती जन्मभर डाव्या कुशीवर निजत आली आहे. तिसऱ्या रात्री जाग आली तेव्हा पाहिले, तिने आपला उजवा तळहात खुब्याखाली घातला होता. हाड आणि फरशी यांच्यामध्ये ठेवण्याजोगे तिच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते.

मुनींची फळी आणि आईची फरशी यांचे काठिण्य एकच. परंतु एकीचा स्वीकार झाला होता आणि दुसरी वाट्याला आली होती. तप हे स्वतःच्याच नावावर मांडावयाचे खाते आहे, ते दुसऱ्याच्या हाडांवर चढविता येत नाही. किंबहुना मला वाटते, की क्षितिशयनाचे मर्म फळीपेक्षा पिच्छीत अधिक आहे: अर्ध्या झोपेत, दुखऱ्या कुशीने, जो मुनी एका मुंगीसाठी वळता वळता थांबतो, त्याला आपल्या देहाचा भार कोणावर पडतो याचे अखंड भान असते. त्या भानाचा वारसा सांगणाऱ्या गावाने आईच्या खुब्याचा विचार करू नये, हे मला कोणत्याही शास्त्राने पटणार नाही.

गादी पाहताना हेच सूत्र धरले. उताण्या मनुष्याचा भार पाठभर पसरतो; कुशीवरच्याचा तोच भार मुख्यतः खांदा आणि खुबा सोसतात, म्हणून पातळ गादीत हाड तळाला टेकते. जाडी चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर असावी, आणि रुंदी दुमडलेले गुडघे मावतील एवढी. तोंडाने फुंकू नये, श्वासातला दमटपणा आत राहून बुरशी धरते. सोबतच्या पिशवीने किंवा पंपाने भरावी. मात्र ठासून भरलेली गादी पुन्हा फळीच होते, तेव्हा माणूस कुशीवर निजल्यानंतर झडप किंचित उघडून हवा थोडी थोडी सोडावी लागते.

यंदा आषाढात, नदी अजून पात्रात असताना, माजघरात ती अंथरली. आई डाव्या कुशीवर निजली, सवयीने हात खुब्याखाली गेला. मी झडप धरून बसलो होतो. हवा सुस्कारत निघाली, खांदा रुतला, मग खुबा.

"बास, आता नगं सोडूस," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने हात बाहेर काढून उशीवर ठेवला.