वहीवाला

पैनगंगेपल्याड माहूरचा गड, आणि अलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. आजूबाजूला तांडे. शेतांत कापूस, सोयाबीन, तूर. दिवाळी झाली की तांड्यांवरची बरीच माणसं ऊसतोडीला निघतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर काही नावांपुढे उन्हाळा लागेपर्यंत गैरहजेरीच लागत राहते.

या भागातल्या एका शाळेत एक सर होते. मनाने चांगले होते, पण घाई फार. गणित मांडायचे, एखाद्याला उभं करायचे आणि तो तोंड उघडायच्या आत उत्तर स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. “सात आठे?” असं विचारणारा आवाज सरांचा आणि “छप्पन!” म्हणणाराही सरांचाच. मुलं हुशार झाली होती. उभं राहायचं आणि जरा थांबायचं, उत्तर आपोआप येतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

सरांना नाटकाचं वेड होतं. एका सुट्टीत ते नाट्यशिबिर करून आले. तिथे त्यांना सुधा करमरकरांबद्दल ऐकायला मिळालं. करमरकरांनी 1959 साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ उभं करून खास मुलांसाठी नाटकं आणली. सुलभा देशपांडेंबद्दलही कळलं. दादरच्या छबिलदास शाळेत शिकवता शिकवता त्यांनी मुलांकडून नाटकं करून घेतली होती. नाटक आणि शाळा एका माणसाला एकाच वेळी सांभाळता येतात, हे ऐकून सरांना हुरूप आला. गॅदरिंगला सहावी ते आठवीच्या मुलांचं नाटक करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

शाळा सुटल्यावर मुलं व्हरांड्यात जमली. सरांनी आधी गोष्ट सांगितली. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. सूत्रधार पदं गायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी, सुचतील तशी बोलायची.

“वहीच नव्हती?” एका मुलीने विचारलं.

“संवादांची नव्हती.”

“मग आपणही बिनवहीचंच सुरू करू ना सर.”

सरांना हे आवडलं. पहिले काही दिवस खेळच झाले. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हलायचं आणि दुसऱ्याने आरसा व्हायचं. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने नुसत्या आवाजावर त्याला व्हरांड्याच्या टोकापर्यंत न्यायचं. मग मुलांनी एक घर उभं केलं. घरात दोन भाऊ, अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली म्हातारी आई. भाऊ वाटणी करतात. खोल्या वाटल्या जातात, भांडी वाटली जातात, आणि भांडण येऊन अडतं लिंबापाशी. खोड मोठ्याच्या हद्दीत आणि सावली लहान्याच्या. मोठा म्हणतो, सावलीचं भाडं दे. लहाना म्हणतो, तुझा पाला माझ्या अंगणात पडतो, झाडायची मजुरी दे. हे बोलताना मुलं स्वतःच हसून लोळायची. शेवटी दोघं आईला विचारतात, “माय, तू कोणाकडं राहशील?” आणि म्हातारी म्हणते, “मी लिंबाखाली राहीन.”

मुलं बोलली तसं सरांनी लिहून काढलं आणि अशी वही तयार झाली. आठवीतल्या एका मुलीला म्हातारीचा पार्ट मिळाला. भाऊ ठरले, शेजारी ठरले, पंच ठरले. झाड व्हायलाही एक उंच पोरगा मिळाला.

मग एक मुलगा आला. सातवीतला, तांड्यावरचा. आदल्या वर्षापर्यंत तो आई-बापांबरोबर उसाच्या फडावर जायचा, त्यामुळे प्रत्येक इयत्ता त्याने अर्धीच पाहिली होती. यंदा म्हाताऱ्या आजीच्या सोबतीला त्याला मागे ठेवलं होतं. संध्याकाळी आजीच्या शेळ्या आणायच्या असत, म्हणून सुरुवातीला त्याला तालमीला येता आलं नाही.

“उशीर झाला रे बाळा. पार्ट संपले,” सर म्हणाले.

मुलगा गेला नाही, दाराशी बसून राहिला. सरांना वाईट वाटलं. त्यांनी हातातली वही त्याला दिली. “तू प्रॉम्प्टर हो. कोणी विसरलं की विंगेतून हळूच सांगायचं.”

मुलाला जोडाक्षरं अडतात, हे सरांच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्या दिवशी त्याची फजिती झाली. एक भाऊ अडकला. मुलगा ओळीखाली बोट ठेवून अक्षर अक्षर लावत राहिला, आणि त्याला वाक्य सापडेपर्यंत तालीम दोन वाक्यं पुढे गेली होती. “अबे, दे ना लवकर!” सगळे ओरडले. तो वही घरी घेऊन गेला. रात्री बल्बखाली बसून त्याने ती आजीला वाचून दाखवली. आजी गोरमाटी ही बंजारा बोलीच बोलायची, म्हणून एक ओळ मराठीत वाचायची आणि तिला गोरमाटीत सांगायची, असं त्याने आख्खं नाटक सांगितलं. दुसऱ्या रात्री पुन्हा सांगितलं. आजीला भांडण इतकं आवडलं की ती रोज मागू लागली.

एवढ्या वेळा वाचल्यावर वाचन सुधारतंच. त्याचं सुधारलं. पण आता दुसरीच अडचण आली. कोणी श्वास घ्यायला थांबला तरी विंगेतून पुढचं वाक्य आलंच! “मले येत होतं ना बे!” मोठा भाऊ चिडून म्हणाला. लहान्याने तर रागाने फेटाच काढून टाकला. वर्गात सर जे करायचे तेच हा विंगेत करत होता, पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. सरांच्या तर नाहीच.

मुलगा विचारात पडला. त्याने वही मिटली आणि काही दिवस नुसता बघत बसला. शेळ्या राखणाऱ्याला बघायची सवय असतेच. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की विसरलेल्याची नजर आधी वर जाते, मग विंगेकडे येते. विचार करणाऱ्याची नजर मात्र समोरच्या पात्रावर राहते. आणखी एक कळलं. आख्खं वाक्य दिलं की पात्र बावचळतं, पण पहिला शब्द दिला की उरलेलं वाक्य त्याच्यामागे आपण होऊन येतं. तो एकेक शब्द देऊ लागला. आवाज इतका खाली की दोन हातांपलीकडे ऐकू जाऊ नये, आणि उच्चार स्वच्छ. पोरांची कुरकुर थांबली. ती त्याला वहीवाला म्हणू लागली.

एका रात्री आजीने शेवट ऐकला आणि मान हलवली. म्हातारीने एवढ्या लवकर कसं सांगितलं, तिने विचारलं. दोन्ही पोरं तिचीच ना? मुलाने दुसऱ्या दिवशी हापशीवर म्हातारी झालेल्या मुलीला हे सांगितलं. ती हसली आणि घागर उचलून गेली. तालमीत पुढेही ती ते वाक्य ठसक्यात, चटकन म्हणत राहिली. सरांना ते आवडायचं. तिथे हशा येणार, अशी त्यांची खात्री होती.

जानेवारीत गॅदरिंग झालं. डेस्क जोडून स्टेज केलं होतं, साड्यांचा पडदा होता, दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या विंगा होत्या. कापूस वेचून आलेल्या बाया तशाच सतरंजीवर येऊन बसल्या. दंडारीचे खेळ पाहून म्हातारी झालेली माणसं मागे खुर्च्यांवर होती. तांड्यावरून आजीही आली होती. मुलाचे आई-बाप तेव्हा फडावर होते.

नाटक रंगलं. सावलीच्या भाड्याला लोक इतके हसले की झाड झालेला पोरगाही हलला. लहाना एकदा अडकला, वर बघितलं, विंगेकडे बघितलं. एक शब्द आला आणि गाडी पुढे गेली. लोकांना कळलंही नाही.

मग शेवटचा प्रश्न आला. “माय, तू कोणाकडं राहशील?”

मुलगी बोललीच नाही.

तिने मोठ्याकडे बघितलं. मग लहान्याकडे. मग पुन्हा मोठ्याकडे. पुढच्या रांगेतली बारकी पोरं कुजबुजली, “विसरली, विसरली.” समोरच्या विंगेत सरांना घाम फुटला. ते हात हलवून, ओठ हलवून सांगत होते, दे, दे तिला! अलीकडच्या विंगेत वहीवाला उभा होता. बोट ओळीवर होतं. पहिला शब्द ‘मी’, तो जिभेवर होता. पण मुलीची नजर विंगेकडे आली नव्हती. त्याने शब्द दिला नाही.

“मी...” मुलगी हळू म्हणाली, “मी लिंबाखाली राहीन.”

हशा आलाच नाही. बायांमधून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “खरं हाय वं माय.” आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

पडदा पडल्यावर सर धावत आले. “अरे, दिलं का नाहीस?”

“तिले येत होतं सर.”

“तुला कसं कळलं?”

“विसरलेला इकडं पाहाते. ते पोराईकडं पाहात होती.”

सर काही बोलले नाहीत. सोमवारी वर्गात त्यांनी एका मुलाला उभं केलं. “सात आठे?” मुलगा सवयीने थांबला. सरही थांबले. वर्ग गोंधळला. मुलाने एकदा सरांकडे, एकदा खिडकीकडे बघितलं, बोटं मोजली. “चोपन्न.” सरांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मुलगा पुटपुटत राहिला, सात सत्ते एकोणपन्नास, त्यात सात... “छप्पन!” इतक्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातून कोणी डोकावलं. त्या दिवशी पाढे निम्मेच झाले. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

शाळेत नाटक कशाला, असं विचारणारे पालक असतात, आणि त्यांना पाठांतर, धीटपणा, स्टेजची भीती जाणं अशी उत्तरं दिली जातात. ती खोटी नाहीत. पण या गोष्टीत स्टेजवर कधीच न गेलेला मुलगा सगळ्यांत जास्त शिकला, आणि त्याच्याकडून सर शिकले. दुसऱ्याचं वाक्य आपल्याला पाठ असतानाही त्याला ते स्वतः बोलू द्यावं, इतकंच. आई-बाप आणि शिक्षक विंगेतच उभे असतात, आणि वही त्यांच्याच हातात असते.

पुढच्या वर्षी सरांनी पार्ट वाटायला सगळ्यांत आधी त्यालाच बोलावलं. “या वेळी मुख्य पार्ट तुझा.”

मुलाने विचार केला. सर थांबले.

“घेतो सर,” तो म्हणाला. “पण वही कोणाजवळ देता, ते अगुदर सांगा.”