भ्यालेल्या मुलास खोटा धीर द्यावा काय?

सकाळीं शाळेची वेळ झाली कीं मुलाच्या पोटांत दुखूं लागतें, आणि ती वेळ टळली कीं दुखणें थांबतें. अशा मुलास ढोंगी ठरविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वस्तुतः तें दुखणें बहुधा खरेंच असतें. मन धास्तावलें म्हणजे पोट ढवळतें, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. कोर्टाची पायरी चढतांना मोठ्यांसही हा अनुभव येतोच. तेव्हां ढोंगाची गोष्ट सोडून आम्ही निराळाच प्रश्न वाचकांपुढें मांडतों. भ्यालेल्या मुलाच्या समाधानासाठीं त्याच्याशीं असत्य बोलावें काय?

पुष्कळ सज्जन म्हणतील, मायेपोटीं बोललेल्या असत्यांत पाप तें कोणतें? आम्हीही एके काळीं असेंच समजत होतों. आमच्या धाकट्या मुलाची किडलेली दाढ काढावयाची होती. मुळींच दुखणार नाहीं, असें आम्ही त्यास वाटभर सांगत गेलों. दुखलें. त्या वेदनेचा त्यास लवकरच विसर पडला. पण पुढें विहिरीवर पोहावयास शिकवितांना "मी धरलें आहे, भिऊं नको" असें आम्ही म्हणालों, तेव्हां त्यानें आमच्या तोंडाकडे ज्या नजरेनें पाहिलें ती आम्हांस विसरतां येत नाहीं. तो उन्हाळा त्यानें पायरीवर बसूनच काढला.

खोट्या धीराचें वैगुण्य हेंच. भय होतें तसेंच राहतें, आणि ज्या शब्दावर मुलानें टेकावयाचें तो शब्द मात्र जातो.

दुसरी एक चूक याहूनही गोड आहे. मूल कुत्र्यास भितें, म्हणून ती गल्लीच टाळावयाची. वर्गांत उभें राहून वाचावयास भितें, म्हणून गुरुजींस चिठ्ठी द्यावयाची. त्या क्षणीं मुलास हायसें वाटतें खरें. पण पळालों म्हणून वांचलों, हाच धडा तें दर वेळीं पक्का करितें. मग ढकलून द्यावें काय? तेंही नव्हे. खोल पाण्यांत फेकलेलें मूल पुष्कळदां पोहण्याऐवजीं पाण्याचा द्वेषच शिकतें.

१९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें पीटर नामक सुमारें तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशास फार भीत असे. प्रथम सशास न भिणाऱ्या मुलांबरोबर त्यास खेळावयास ठेविलें, आणि भय ओसरूं लागलें. मध्येंच तो आजारी पडला, एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सारें मुसळ केरांत गेलें. मग बाईंनीं त्यास आवडीचा खाऊ देऊन बसविलें व पिंजऱ्यांतील ससा, खाण्यांत व्यत्यय येणार नाहीं इतका दूर ठेविला. हळूहळू तो जवळ आणिला. शेवटीं ससा बोटें कुरतडूं लागला तरी पीटर शांत राहिला. ससा नाहींच, असें त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

(भय आठवडेच्या आठवडे झोप, अन्न व शाळा हिरावून घेईल तर मात्र डॉक्टरांकडे जावें, २०२२ सालापासून सरकारची टेली-मानस ही सेवाही १४४१६ या क्रमांकावर मिळते.)

सुई दुखेल, पण थोडा वेळ, असें सांगणें सोपें आहे. जेथें पुढचें आपणांसच ठाऊक नाहीं तेथें काय करावें? एका घरीं आईस तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें होतें. आठ वर्षांची मुलगी जेवेना. येईल त्यास विचारी, आई कधीं येणार? जो तो म्हणे, उद्यां. अशा अकरा उद्यां होऊन गेल्या होत्या. तिनें आम्हांसही विचारिलें. आम्ही म्हणालों, "बाळ, तें आम्हांस ठाऊक नाहीं. डॉक्टर आज काय म्हणाले तें सांगतों. पुढें जें कळेल तेंही तुझ्यापासून लपविणार नाहीं. रात्रीं मावशी तुझ्याजवळ निजेल." आजीनें आमच्याकडे रागानें पाहिलें. मुलगी पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून तिनें मावशीस विचारिलें, भाकरी आहे का?