सोलापूरला कुणी यावं?

जून २०२५मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं, पुढं मुंबईचंही झालं. या विमानतळाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली गेली होती. कारखान्याचे सभासद शेतकरी एका बाजूला आणि विमान पाहिजेच म्हणणारे शहरवाले दुसऱ्या बाजूला, असं गाव तेव्हा उभं दुभंगलं. विमान आल्यावर ते भांडण मागं पडलं आणि बाहेरच्यांनी नवा सवाल टाकला: विमानानं येऊन तिथं बघायचं काय? पुण्यातल्या एका लेखकमित्रानं तर परिसंवादात ठणकावून सांगितलं की सोलापूर हे मुक्कामाचं गाव नाही, गाडी बदलायचं गाव आहे. माणूस जाणता आहे, देशोदेशी फिरलेला आहे, म्हणूनच त्याचं म्हणणं सोडून देता येत नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हेही मान्य करू. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर या सगळ्या वाटा सोलापुरात फुटतात. वंदे भारतनं उतरलेला भाविक रिक्षा करून एसटी स्टँड गाठतो, विठोबा, भवानी आणि स्वामी अशा तीन दर्शनांचा हिशेब मांडतो आणि परतीच्या गाडीला लागतो. घरी नेण्यासाठी एक चादर आणि पाव किलो शेंगाचटणी घेतली की त्याचं सोलापूर संपतं. ज्या जिल्ह्यात महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गर्दी लोटते, त्या जिल्ह्याचं मुख्य शहर कुणी बघत नाही.

यावर आमची गावातली मंडळी जे उत्तर देतात ते मला कधीच पटलं नाही. ते यादी वाचतात: भुईकोट किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, महापालिकेचं इंद्रभुवन, डॉ. कोटणीसांचं घर, नान्नजचं माळढोक अभयारण्य. यादीतली एकही गोष्ट खोटी नाही, पण याद्यांच्या लढाईत सोलापूर हरतं. बहमनी काळातला आमचा किल्ला मला प्रिय आहे, मात्र शंभर किलोमीटरवर गोलघुमट उभा असताना किल्ल्यासाठी सोलापूरला या, असं कुणाला कोणत्या तोंडानं सांगू? नान्नजचं अभयारण्य १९७९चं. तिथं आता माळढोक इतका दुर्मीळ झालाय की खरा पक्षिप्रेमी त्याच्यामागं न धावणंच पसंत करील. यादीत खरं तर भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल पहिलं यायला हवं. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०चा, म्हणजे सन १०१८चा मराठी शिलालेख आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक आहे. मराठी बोलणाऱ्यानं आयुष्यात एकदा त्या अक्षरांसमोर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. पण तो झाला शहराबाहेरचा अर्धा दिवस. शहराचा प्रश्न शहरातच सोडवायला हवा.

यादीचा रोग जुना आहे. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकानं १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात ‘ब्लू गाइड’ नावाच्या प्रवास-मार्गदर्शिकेवर एक छोटा निबंध लिहिला आहे. त्याचा रोख असा: ही पुस्तकं निसर्ग म्हणून फक्त डोंगरदऱ्या ओळखतात आणि संस्कृती म्हणून फक्त देवळं-स्मारकं. त्या देशात आज जगणारी माणसं त्यांत नसतातच, आणि असलीच तर ठरीव नमुने म्हणून असतात. बार्तसमोर स्पेन होता. पण सोलापूरवाल्याला तो निबंध आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो, कारण सोलापुरात दगडापेक्षा माणसांनी जास्त घडवलं आहे.

१८७७मध्ये इथं ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. तेव्हा अर्थात तिला जुनी म्हणत नसत. विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी मागाहून आल्या आणि ती जुनी झाली. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालू लागलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात तेलुगू रुजली. लिंगायत घरांतली कन्नड आधीपासून होतीच, पेठांमधून दखनी होती, आणि मराठी या सगळ्यांची सामाईक. साखर पेठेतला दुकानदार बापाशी तेलुगूत, गिऱ्हाइकाशी मराठीत, हमालाशी कन्नडमध्ये आणि शेजारच्या दुकानाशी दखनीत बोलतो. त्याला यात विशेष काही वाटत नाही. भाषेवरून डोकी फुटण्याच्या आजच्या दिवसांत हे बघायला दिल्लीहूनही माणूस यावा.

आणि सेटलमेंट. १८७१च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथं काटेरी तारेच्या आत ठेवलं, हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला जुंपलं. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. वस्तीच्या नावात ‘सेटलमेंट’ आजही आहे. कुठल्याही मार्गदर्शिकेत हे सापडणार नाही, पण विसाव्या शतकातला हिंदुस्थान समजून घ्यायला निघालेल्या प्रवाशाला गोलघुमटापेक्षा हे जास्त शिकवील.

मग ओघानं असं म्हणावंसं वाटतं की हेच दाखवा. बंद गिरण्यांतून फेरी काढा, पूर्व भागातले माग दाखवा, विडी वळणाऱ्या बायका दाखवा. गावातल्या काही उत्साही मंडळींनी अशी योजना मांडलीही आहे. बराच काळ माझाही कल तिकडंच होता. पण ज्यांना दाखवायचं त्यांच्या बाजूनं विचार करू लागलं की हा कल टिकत नाही.

विडीचं काम जवळून पाहा. मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूपान, तंबाखू आणि दोरा. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड दाबून दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळं बोलताना, पोराला ओरडताना, दारात कोण आलं ते बघतानाही बोटं थांबत नाहीत. अशा बाईच्या उंबऱ्यात दहा पाहुणे मोबाइल उगारून उभे राहिले तर त्या वेळात तिच्या किती विड्या कमी वळल्या जातील? तिनं मान खाली घालायची की हसायचं? याच बायकांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या मागं उभं राहून वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीच्या माळावर हक्काची घरं मिळवली. आधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढं तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४मध्ये दिल्या गेल्या. ज्या बाईनं स्वतःचं दार मिळवायला उमेद खर्च केली, तिचं दार आपण प्रेक्षकांसाठी उघडून मागायचं नाही. बार्त म्हणतो की मार्गदर्शिकेत माणसं नसतात. बरोबर. पण माणसं मार्गदर्शिकेत घातली की ती स्मारकं होतात, आणि दगडाच्या स्मारकाला निदान लाज वाटत नाही.

इथं मला इरावती कर्वे यांची वाट धरावी लागते. ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा त्यांचा वारीवरचा लेख शाळा-कॉलेजात नेमून नेमून गुळगुळीत केला आहे, तरी प्रवासाबद्दल मराठीत त्याच्याइतकं खोल मी फार थोडं वाचलंय. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. नोंदवही घेऊन कडेनं चालल्या असत्या तरी कुणी हरकत घेतली नसती. त्या दिंडीत चालल्या. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, हे त्यांना दिसलं आणि टोचलं. म्हणून त्या मराठा बायकांबरोबर चालल्या, त्यांच्यात जेवल्या. आणि जिथले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही महाराष्ट्राची व्याख्या त्यांना चालता चालता सापडली.

मला या लेखात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली: त्यांना जे दिसलं ते जेवणाच्या पंगतीत दिसलं, रस्त्याकडेला उभ्या असणाऱ्याला ते दिसलंच नसतं. दुसरी त्याहून महत्त्वाची. वारी इरावतीबाईंसाठी निघाली नव्हती, पण वारीत कुणालाही चालता येतं. ती बघणाऱ्यांसाठी मांडलेली नाही आणि बघणाऱ्यांना बंदही नाही. शहराची कसोटी मी आता इथं लावतो. प्रवाशानं अशा शहरात, अशा दिवशी जावं, जेव्हा ते शहर आपल्याच कामात रमलेलं असतं आणि तरी त्याचं दार उघडं असतं.

सोलापूरचं दार जानेवारीत उघडतं. बाराव्या शतकातले शिवशरण सिद्धरामेश्वर, त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरणारी कुंभारकन्या, आणि संन्याशानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला दिलेली परवानगी. या कथेवर गड्ड्याची यात्रा उभी आहे. संक्रांतीच्या सुमारास उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. एका दिवशी शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, ज्याला इथं ‘यण्णीमज्जन’ हा कन्नड शब्द मराठी माणूसही वापरतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेची दारू. पांढरी बाराबंदी घातलेला गडी तो उंच नंदीध्वज कंबरेशी तोलून धरतो आणि पाऊल टाकतो. वरचा शेंडा झुकला की सगळा भार त्याच्या पाठीवर येतो. आजूबाजूचे हात पसरून तयार असतात, पण तो ढळला नाही तर कुणी हात लावत नाही. ‘हर्र बोला हर्र’चा गजर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. अक्षतेच्या वेळी ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणताच गच्च्यांवरून, झाडांवरून, रस्त्यातून तांदूळ उडतात. कुणी पत्रिका विचारत नाही. तुमच्या मुठीत तांदूळ असले की तुम्ही वऱ्हाडी.

यात सगळं गोमटं आहे असं मी म्हणणार नाही. नंदीध्वजांचे मान वंशपरंपरेनं ठरलेले आहेत: पहिला हिरेहब्बूंचा, दुसरा देशमुखांचा, पुढं लिंगायत माळी, विश्वब्राह्मण सोनार, आणि सहावा-सातवा मातंग समाजाचा. क्रम लावणारा समाज कसा होता ते या क्रमातच वाचता येतं. इरावतीबाईंना टोचलं तसं इथंही टोचायला हवं. पण साती काठ्या एकाच रांगेत, एकाच लग्नाला चालतात हेही तितकंच खरं. ही गाठ समजायला दोन दिवस राहावं लागतं.

शिवाय १२ जानेवारी हा हुतात्मा दिन. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३०ला सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, कोर्ट जाळलं गेलं. पोलीस मागं हटल्यावर काही दिवस स्वयंसेवकांनीच गाव सांभाळलं. १२ मेला सरकारनं मार्शल लॉ पुकारला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. चार पुतळ्यांच्या चौकात त्या दिवशी हार चढतात आणि त्याच सुमाराला गावात यात्रेची धांदल चालू असते. सोलापूरकराला या दोन गोष्टी वेगळ्या कधी वाटल्या नाहीत.

तेव्हा माझ्या मित्राला माझं उत्तर असं: बाराही महिने कुणी येण्याजोगं हे शहर नाही. एप्रिल-मेच्या उन्हात किल्ला बघायला तर येऊच नये. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं यावं, हॉटेलात न उतरता कुणाच्या तरी घरी उतरावं, शेतावर हुरडा खावा, कडक भाकरी मोडून शेंगाचटणी आणि दह्याबरोबर जेवावं. यजमान घरात तेलुगू बोलत असले तर जास्त बरं.

आणि गावातल्या योजनावाल्यांना एक सांगणं. पर्यटनासाठी तलाव सजवा, दिवे लावा, माझी ना नाही. पण उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. यात्रेला पाहुणा आला की घरची बाई पिंप, घागरी, हंडे आधीच भरून ठेवते, आणि पाहुण्याच्या आंघोळीच्या बादलीचा हिशेब स्वतःच्या बादलीतून करते. पाहुणचाराचा हा सगळा भार एकटी तीच उचलते. कारंज्यांचा निधी आधी तिच्या नळाकडं वळवा.