जाऊ तिथले होऊ



रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. आसपास मराठी घरंही बरीच. त्यातल्या कित्येकांची नोकरी संपलेली, मुलं पुण्याला. मग आजी-आजोबांचं वर्ष पुण्याला जाणाऱ्या आझाद हिंद एक्सप्रेसच्या तिकिटांभोवती फिरतं. दिवाळीला हे जातात. मे महिन्यात नातवंडं येतात.

आजीच्या पिशवीत चकलीच्या डब्याशेजारी छत्तीसगढची बेसनाची ठेठरी असते, गुळाची खुरमी असते. नातू डब्यात हात घालतो. आजीला प्रवासाचा शीण आठवतही नाही.

पण मुलाच्या घरात पाऊल टाकताना पिशवी तेवढी आत न्यावी. आपली शिस्त चपलांपाशीच राहू द्यावी. जाऊ तिथले होऊ. तिथे जेवण उशिरा होतं? आपणही उशिरा जेवू. सुनेचा स्वयंपाक वेगळा आहे? मनापासून वाढून घेऊ. जाऊ तिथले होऊ. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. सगळा जन्म घर आपल्या हाताखाली चाललेलं असतं. तरीही जमवायला हवं. मुलांच्या घरात आपली जागा हक्कानं मागायची नसते, मायेनं होऊ द्यायची असते.

आज नातवंडांना फोन कराल ना? मग अभ्यासाचं राहू द्या. काल काय खेळलात, एवढंच विचारा. आणि ती बोलतील ते शेवटपर्यंत ऐका.