जुनी गाडी कोणाला द्यावी?



डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. निमित्त होते अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेसचे, आणि यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, ज्यांच्या नावाचे हॉस्पिटल आज आपल्या वसईत आहे. तेव्हा वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत नव्हता (तो १९९८ साली झाला), आपण सारे मुंबईचेच. घरातल्या वृद्ध मंडळींना विचारून पाहा, ओव्हल मैदानावर जाऊन आलेले कोणी ना कोणी अजून भेटेल.

पोपमहाशयांना मुंबईत फिरण्यासाठी अमेरिकेतील दात्यांनी एक गाडी दिली होती. पांढरी, लांबलचक लिंकन कॉन्टिनेन्टल. आपल्या रस्त्यांवर तेव्हा अँबेसेडर आणि फियाट दिसायच्या, त्यात ही गाडी म्हणजे राजाचा हत्तीच! भेट संपवून निघण्यापूर्वी पोपमहाशयांनी ती गाडी मदर तेरेसांना त्यांच्या सेवाकार्यासाठी देऊन टाकली.

मदरनी त्या गाडीचे काय केले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्यांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. ठेवली असती तर तिला पेट्रोल लागले असते, ड्रायव्हर लागला असता, सुटे भाग परदेशातून आणावे लागले असते. रोजच्या भाताची चिंता करणाऱ्या सिस्टरांच्या दारात हत्ती बांधण्यासारखेच झाले असते ते. मदरनी चक्क रॅफल काढली! आपल्या सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात आपण तिकिटे घेतो तशीच. त्यातून जमलेला पैसा पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ कुष्ठरोग्यांसाठी वसवलेल्या शांतीनगरला गेला. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले होते, त्यांना त्या गाडीतून घरे मिळाली. २०१६ साली मदर आणि २०१८ साली सहावे पॉल यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. त्या गाडीची देणारा आणि घेणारी, दोघेही आज वेदीवर आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच पोपनी आपला मुकुट गोरगरिबांसाठी संत पेत्राच्या वेदीवर उतरवून ठेवला होता. ज्याने डोक्यावरचा मुकुट उतरवला, त्याला चाकावरची गाडी सोडणे जड गेले नसणार.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या भागात गाड्या वाढल्या. घरात नवी छोटी गाडी आली की जुनी, मोठी, डिकीवाली गाडी चिंचेखाली ताडपत्री पांघरून उभी राहते. पेट्रोल फार खाते, गल्लीत वळत नाही, आणि विकायला जावे तर भंगाराचा भाव. बहुधा ती वडिलांनी घेतलेली असते. तिच्यातून बहिणीची वरात गेलेली असते, आईला शेवटचे हॉस्पिटलात नेलेले असते. म्हणून हात उचलत नाही. ही माया आम्ही समजू शकतो. पण उंदीर वायरी कुरतडत असताना वडिलांची कोणती आठवण जपली जाते? मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, तसेच त्यांच्या आत्म्यासाठी दानधर्म करण्याची ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. वडिलांची गाडी एखाद्या वृद्धाश्रमाच्या कामी आली, तर तीही त्यांच्यासाठी प्रार्थनाच.

मात्र इथे एक अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. आपण देतो ते दान असते की अडगळ? मलाखी संदेष्ट्याने हाच प्रश्न याजकांना विचारला. लोक वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे आणत होते. संदेष्टा त्यांना सांगतो, हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन देऊन पाहा, तो प्रसन्न होतो का! आपण स्वतःला असे विचारावे : हीच गाडी, आहे त्या स्थितीत, लेकीच्या सासरी भेट म्हणून पाठवली असती का? नसती, तर सिस्टरांच्या दारात कशी उभी करायची? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपल्यात म्हणतात. ते घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने मात्र दावे सोडण्यापूर्वी दात मोजलेच पाहिजेत. नाहीतर आपल्या अंगणातली बंद गाडी संस्थेच्या अंगणात जाऊन उभी राहते, आणि वर संस्थेने आभाराचे पत्र लिहायचे!

जुनी असणे हा दोष नव्हे. २०१३ साली इटलीतील एका धर्मगुरूने पोप फ्रान्सिस यांना आपली १९८४ सालची रेनॉ गाडी भेट दिली. तीन लाख किलोमीटर धावलेली, कामगारवस्तीत सेवा करता करता म्हातारी झालेली, पण चालू. पोप फ्रान्सिसनी ती आनंदाने स्वीकारली. याच पोपना २०१७ साली कोरी लँबॉर्गिनी मिळाली, तिच्यावर मात्र त्यांनी सही केली आणि ती लिलावाला पाठवली. पैसा इराकमधील उद्ध्वस्त ख्रिस्ती गावांच्या उभारणीसाठी आणि इतर सेवाकार्यांसाठी देण्यात आला. २०२५ मध्ये ते वारले, तेव्हा २०१४ साली बेथलेहेमला त्यांनी वापरलेली गाडी गाझातील मुलांसाठी फिरता दवाखाना करण्याचे काम कॅरितासने हाती घेतले होते.

चंदनसारच्या चाळींतून डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणाऱ्या माणसाला परतीच्या रिक्षात बसवत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेला रुग्ण विरारच्या फलाटावर गर्दीत कसा चढतो, हे आपण रोज पाहतो. मागच्या सीटवर आडवे होता येईल अशी मोठी गाडी त्याच्यासाठी छोट्या नव्या गाडीपेक्षा बरी. तेव्हा गाडी चालण्यासारखी असेल तर टायर, बॅटरी, ब्रेक दुरुस्त करून द्या, आणि जमल्यास पहिल्या वर्षाचा विमाही भरा. चालण्यासारखी नसेल तर मदरचा मार्ग धरा : विका आणि पैसा द्या. बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, शेत नांगरत बसा असे त्यांना सांगितले नाही.

आणि दिली म्हणजे दिली. हनन्याने काही भाग मागे ठेवला आणि सारे दिल्याचा आव आणला, ती गोष्ट ठाऊकच आहे. गाडी संस्थेची, पण लग्नसराईत आम्हांला मिळावी, किंवा मागच्या काचेवर आमच्या घराण्याचे नाव ठळक रंगवावे, अशा अटी ऐकू येतात. डाव्या हाताला कळू नये असे प्रभू म्हणतो. इथे तर मागून येणाऱ्या टेम्पोलाही कळते!

व्यवहाराचे थोडे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. मुदत संपली असेल तर नूतनीकरण दात्यानेच करून द्यावे. फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नये, कारण नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची जबाबदारीही तुमच्याकडे येऊ शकते. आर. सी. बुक, विमा आणि पी.यू.सी. घेऊन मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात या. दुसरी चावी घरी राहिली असेल, तीही आणा.