दुसऱ्याचा घोडा फिरवताना

मार्गशीर्षात माळेगावची जत्रा भरते तेव्हा नांदेड-लातूर रस्त्यालगतच्या त्या माळावर खंडोबाच्या दर्शनाइतकीच दाटी घोड्यांभोवती असते. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर या पट्ट्यातले शौकीन दात पाहतात, चाल पाहतात, अंगावरचे भोवरे पाहतात आणि सौदा करतात. घोडा गावी येतो आणि काही दिवस साऱ्या गल्लीचे कौतुक होऊन राहतो. पुढे लग्नसराई सरते, मृगाची घाई सुरू होते, घरातला तरणा मुलगा पुण्याला कामाला परत जातो. घोड्याला चंदी मिळते, कडबा मिळतो, पाणी मिळते. त्याला फिरवायला मात्र कोणी उरत नाही.

अशा घोड्यांना बहुधा शेजारची मुले तारतात. पैसा न घेता, केवळ ओढीने ती पहाटे येतात, खरारा करतात, घोडा मोकळ्या रानात नेऊन आणतात. गाव त्यांना हौशी पोरे म्हणून सोडून देते. ही नजर बदलायला हवी. घोड्याचे आरोग्य ज्या कामावर उभे आहे तेच काम ही मुले करतात. म्हणून त्यांना शिक्षण मिळाले पाहिजे, नियम लागू झाले पाहिजेत आणि घोड्याबद्दल त्यांचा शब्द मालकाने ऐकला पाहिजे.

भाकरी करपली, पान कुजले, घोडा अडला, या तिन्हींचे कारण एकच, फिरवले नाही, हे बिरबलाच्या नावावरचे कोडे मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. त्यात घोड्याबद्दल सांगितलेले शरीरशास्त्रालाही धरून आहे. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत, पुढे सरकत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, त्याला ओकता येत नाही, आणि आतडी चालती राहायला अंगाची हालचाल लागते. पाऊल जमिनीवर टेकले की खुराच्या तळव्याचा मऊ भाग दाबला जातो आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत होते. दिवसभर खुंट्याला उभा असलेला घोडा भरल्या दावणीपुढेही आजारी पडू शकतो. पोटशूळ हा घोड्यांचा जीव घेणारा मोठा आजार आहे, आणि बांधून ठेवणे व खुराकात एकाएकी केलेला बदल ही त्याची नेहमीची निमित्ते.

पण फक्त रविवारी येणारा हौशी स्वारही घोड्याला घातक ठरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपात ओझी ओढणारे घोडे रविवारी विश्रांती घेत, पण दाणा पुरा खात. सोमवारी जुंपले की काहींचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ होत आणि लघवी गडद तपकिरी येई. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची ती खूण होती. तिथले लोक त्या दुखण्याला सोमवारचा आजार म्हणत. सहा दिवस दाण्यावर उभा राहिलेला घोडा सातव्या दिवशी चौखूर उधळवला तर आपल्याकडेही हाच धोका आहे. म्हणून मोफत श्रम देणाऱ्यापुढे पहिली अट नियमाची: थोडे फिरवावे, पण रोज. आधी चालवावे, मग दुडकी, शेवटी पुन्हा चालवून अंग निववावे. ज्या दिवशी येणे जमणार नाही त्या दिवशी दाणा कमी करण्याचा निरोप मालकाला द्यावा.

दुसऱ्याचा घोडा सांभाळणे या मुलखाला नवे नाही. मराठी घोडदळात स्वतःच्या घोड्यावर येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर, म्हणजे बारगिरांवर. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद अशी व्यवस्था सांगितली आहे. घोडा बारगिराचा नव्हता, म्हणूनच त्याच्या पाण्याचा आणि नालेचा हिशेब ठरलेला होता. चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी धाडलेले पत्र तर पागेच्या व्यवस्थेचा वस्तुपाठच आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा रोख आहे. रात्री जळता ठेवलेला दिवा आणि त्याची वात ओढून नेणारा उंदीरही त्या पत्रात आहे. गंजीला आग लागली तर काय होईल, इथवर राजाचे लक्ष होते.

पगारी बारगीर आणि आजचा हौशी मुलगा एक नव्हेत, हे खरे. मात्र मालकी नसताना माया कशी टिकते याची उदाहरणे आणखी जवळ आहेत. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. त्यातला एक माउलींचा. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, तरी रिंगणात तो धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला वारकऱ्यांची झुंबड उडते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या तबेल्यातले घोडे गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले आहेत, अशी श्रद्धा आहे. दसऱ्याच्या आणि होळीच्या मिरवणुकीत ते हातात धरून नेले जातात. स्वार नसला तरी घोड्याला शिस्त हवी, दम हवा, गर्दीची सवय हवी. ती कोणीतरी वर्षभर लावत असते आणि त्या श्रमाला तिथे सेवा म्हणतात.

गावच्या हौशी घोड्याभोवती असा भक्तिभाव नाही, आणि घोळ तिथेच होतो. जत्रेत दोन वर्षांची शिंगरेही विकली जातात. घोड्याच्या कण्याची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. एवढ्या कोवळ्या पाठीवर बसून पाहा म्हटले तर शिकवणाऱ्या मुलाने नाही म्हटले पाहिजे. त्याने लांब दोरीने काव्यावर धरावे, दोन्ही अंगांनी सारखे फिरवावे. लगाम ओढल्याने घोड्याला इशारा कळतो, पण तो शिकतो लगाम सैल सुटण्याच्या क्षणी. तीन मुलांनी तीन तऱ्हांनी ओढले की बिचाऱ्याला कशाचाच अर्थ लागत नाही. नाचरा घोडा तयार करायला पाय जखडणे, मार देणे असे प्रकार होतात. विनामोबदला राबणाऱ्याच्या हाती निदान एक गोष्ट असते: अशा कामाला हात न लावणे. पगारी मोतद्दाराला, म्हणजे घोडा राखणाऱ्या नोकराला, हे म्हणणे जड जाते, कारण त्याचे पोट त्यावर असते.

मोतद्दाराचा विचार इथे टाळता येणार नाही. फुकट मुले मिळतात म्हणून त्याला घरी बसवणे हा अन्याय ठरेल. त्याच्या हातातले ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ब्रिटनमध्ये अपंगांना घोडेस्वारीचा लाभ देणारी संघटना १९६९ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते; पण तिथे स्वयंसेवक आधी शिकतो, मग घोड्याला हात लावतो. आपल्याकडे सावडीने एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत आहे, बैल देण्याघेण्याचे अलिखित करार आहेत. लाल कंधारी गोऱ्ह्याला कामाला कसे लावायचे हे या भागात घरोघरी माहीत आहे. घोड्यासाठी तेवढी जाण गोळा करणे अवघड नाही. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माळेगावच्या जत्रेत पशुप्रदर्शन भरते. तिथे एक दिवस हौशी मुलांसाठी ठेवता येईल.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली घोडे-तट्टे सुमारे ३ लाख ४० हजार भरली. आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घट. उरलेल्या घोड्यांना नुसते मालक पुरणार नाहीत. मालक आणि मुलगा यांच्यात काही गोष्टी कागदावर याव्यात: लाथ लागली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, घोडा लंगडला तर डॉक्टर कोण बोलावणार, धनुर्वाताची लस मुलाला आणि घोड्याला दोघांनाही टोचली आहे का. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, त्यामुळे एका तबेल्यातून दुसऱ्यात जाताना हात, कपडे, लगाम स्वच्छ असलेच पाहिजेत. सोबत एक वही असावी. आज किती चालला, कोणत्या अंगाला ताठ वाटला, ट्रॅक्टरला बुजला का, लीद कशी होती, हे फिरवणाऱ्याने त्यात लिहावे आणि मालकाने आठवड्यातून एकदा वाचावे. घोडा विकायचा ठरला तर त्या मुलाला आधी सांगावे आणि वही नव्या मालकाच्या हाती द्यावी.